श्रमाचा हिशेब : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र

आपल्या वसतिगृहात सकाळच्या वंदनेनंतर झाडलोट, पाणी भरणे, स्वयंपाकघरातील मदत आणि बागेतील काम यांच्या पाळ्या लावलेल्या असतात. दर वर्षी जून महिन्यात नव्याने दाखल झालेल्या मुलांचे काही पालक कार्यालयात येतात आणि संकोचाने, कधी रागानेही, एक गोष्ट विचारतात. आमच्या आजोबा-पणजोबांनी गावाची वेस झाडली, वेठीला जाऊन पाठी मोडून घेतल्या. ते सुटावे म्हणून पोराला येथे आणून घातले, मग येथेही त्याच्या हाती खराटाच का? हा प्रश्न रास्त आहे. त्याला दोन वाक्यांत उत्तर देऊन पालकांची बोळवण करणे आम्हांस कधी प्रशस्त वाटले नाही. या स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावयाचे ठरले तेव्हा ज्या एका माणसाने जवळजवळ अर्धे शतक याच प्रश्नाशी झुंज दिली, त्याचे नाव आमच्यापुढे प्रथम आले. ते नाव म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे जैन, शेतकरी; मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत कारकून होते. बदलीच्या गावांमागून शाळा बदलत हा मुलगा वाढला. अंगाने दांडगा, पोहण्यात आणि कुस्तीत पटाईत, पुस्तकांत मात्र मन बेताचेच. चरित्रकार पुष्कळदा थोर पुरुषांच्या बालपणी अलौकिक बुद्धीच्या खुणा शोधीत असतात. भाऊरावांच्या बाबतीत तसे काही करण्याचे कारण नाही. ते मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत, आणि पुढे ज्यांनी हजारो मुलांना मॅट्रिकच्या पलीकडे नेले त्यांच्या आयुष्यातील ही गोष्ट लपविण्यासारखी नाही.

शिक्षणासाठी ते कोल्हापुरात आले तेव्हा ते शहर वसतिगृहांचे शहर होऊ लागले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला होता. खेड्यातून आलेल्या बहुजनांच्या मुलाला शहरात राहावयास जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाले नाही तर नुसती फी माफ करून काही होत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. भाऊराव जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात जात. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास तरुण भाऊराव हजर राहिले आणि बोर्डिंगात परतल्यावर त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. स्नान केले असते तर प्रकरण तेथेच मिटले असते; एका घागरीचा प्रश्न होता. पण आपण ज्यांच्यात बसून आलो ती माणसेच आहेत, तेव्हा धुवून टाकावयाचे काय, हे त्यांना समजेना. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे काही काळ शाहू महाराजांच्या वाड्यावर राहण्याची त्यांना मुभा मिळाली आणि महाराजांना जवळून पाहता आले.

आमच्या मते भाऊरावांच्या सगळ्या कार्याची जात त्या नाकारलेल्या स्नानात दिसते. शाहू महाराजांची वसतिगृहे बहुतांशी जातवार होती. काळ पाहता दुसरा मार्ग महाराजांपुढे फारसा नव्हता. भाऊरावांनी ती कल्पना उचलली, पण जातवार भिंती गाळून उचलली. पुढे त्यांनी एका महार विद्यार्थ्याला, ज्ञानदेव घोलप यांना, त्याच मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन घातले. हे घोलप पुढे मुंबई विधिमंडळाचे सभासद झाले, ही गोष्ट आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

कोल्हापूर सुटल्यावर पोटापाण्यासाठी भाऊराव साताऱ्यास शिकवण्या करू लागले. त्याच सुमारास त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासण्याचे प्रकरण घडले आणि संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेतला गेला. जैन समाजातील पुढारी असलेल्या लठ्ठ्यांचा आणि जैन बोर्डिंगचा निकटचा संबंध होता. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांना कोठडीत डांबून त्यांचा छळ करण्यात आला. ज्या बोर्डिंगाने आपल्याला घालवले त्याच्या कर्त्या माणसावर सूड उगवण्याची ही संधी होती. भाऊरावांनी मार खाल्ला, पण खोटी साक्ष दिली नाही.

मधल्या काळातील त्यांच्या नोकऱ्यांविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. ओगले यांच्या काचकारखान्याच्या मालाचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे ते विक्रेते होते. साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. या भटकंतीत त्यांनी सातारा जिल्ह्यातील वाड्या-वस्त्या पायांखाली घातल्या. नांगर विकावयास गेलेल्या माणसाला गावाची खरी स्थिती लवकर कळते. कोणाकडे बैल आहेत, कोणाची जमीन सावकाराकडे गहाण आहे आणि कोणाचे पोर शाळेबाहेर उभे राहून आतील धडा ऐकते, हे सगळे त्यांनी पाहिले. सत्यशोधक समाजाच्या विचारांनी ते आधीच भारले गेले होते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये जो समाज स्थापिला त्याची मुळे सातारा भागात खोल गेली होती. त्याच परंपरेतील एका सभेच्या वेळी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. नावातच रयत होती. कोणा एका जातीचे, धर्माचे वा दात्याचे नाव त्यांनी संस्थेला दिले नाही.

१९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि वसतिगृहाचा संसार सुरू झाला. संसार हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहोत, कारण आरंभी वसतिगृह आणि भाऊरावांचे घर यांत फारसे अंतर नव्हते. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुले एका छपराखाली राहत, एका चुलीवरचे खात आणि एका पंगतीत बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे नाव श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे ठेवण्यात आले. या एकत्र पंगतीचे त्यांना विशेष वाटले. आज आपल्याला त्यात विशेष वाटत नाही, हीच त्या पंगतीची कमाई म्हणावी लागेल. मात्र सर्व गावांत अजून तसे झालेले नाही, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

या चुलीपाशी बसलेली बाई म्हणजे लक्ष्मीबाई. त्या कुंभोजच्या सधन पाटील घराण्यातील. सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या. नवऱ्याने घरात आणलेली पोरे कोणकोणत्या जातींची आहेत हे पाहून त्यांना आरंभी काय वाटले असेल याची कल्पना करता येते. पण पुढे त्याच मुलांच्या आई झाल्या. त्या आजारी पोरांच्या उशाशी बसत आणि सणावाराला त्यांच्या पानात गोड पडेल असे पाहत. बोर्डिंगात धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना मोडला जाई. एकदा भाऊराव फिरतीवर असताना कोठीत काहीच उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकून मुलांच्या पानात भाकरी घातली. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या योजनेत प्रत्येक मुलाच्या श्रमाचा हिशेब होता. लक्ष्मीबाईंच्या श्रमाचा मात्र कोणत्याही वहीत रकाना नव्हता. ज्या संस्थेने श्रमाला प्रतिष्ठा दिली तिचा पहिला आधार असा बिनहिशेबी होता, ही रुखरुख आम्ही येथे नोंदवून ठेवतो. आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ज्या मावश्यांनी आयुष्य वेचले त्यांची आठवणही या ठिकाणी आल्याशिवाय राहत नाही.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे यावे. बोर्डिंगातील मुलांनी काम करावे हा नियम भाऊरावांनी का केला? पहिले कारण साधे होते: पैसा नव्हता. घरोघरी मूठमूठ धान्य मागून, बाजारात झोळी फिरवून, ओळखीच्या माणसाला गाठून ते मुलांचे पोट भरीत. पण केवळ पैसा नव्हता म्हणून काम, एवढेच असते तर पैसा आल्यावर काम बंद झाले असते. तसे झाले नाही. फुकट मिळालेल्या अन्नाने पोट भरते, पण मान खाली जाते, हे त्यांनी पाहिले होते. धर्मार्थ जेवणारा मुलगा दात्यासमोर कायमचा ऋणी राहतो. दात्याचे मन फिरले तर त्याचे शिक्षणही संपते. आपल्या फीचा आणि भाकरीचा काही भाग आपल्याच हातांनी मिळवलेला मुलगा मात्र वर्गात आणि जगात ताठ बसतो.

येथे आमच्या समाजाच्या अनुभवाचा वेगळा विचार करावा लागतो. उच्चवर्णीय घरातील मुलाच्या हाती कुदळ देणे हा त्याच्यासाठी नवा धडा होता. महारवाड्यातील मुलाला कुदळ नवी नव्हती. त्याच्या बापजाद्यांनी महारकी केली होती. सरकारी कागद रात्री-अपरात्री पुढच्या गावी पोचवावा, आलेल्या अंमलदाराची बडदास्त राखावी, मेलेले जनावर ओढून न्यावे, आणि बदल्यात कोणी कृपावंत होऊन देईल ते बलुते घ्यावे, असा तो प्रकार. त्या कामाला वेळेची मर्यादा नव्हती, मजुरीचा दर नव्हता, नाही म्हणण्याची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले ते याच जोखडाविरुद्ध. मग अशा घरातून आलेल्या मुलाला श्रमाची महती सांगणे ही क्रूर थट्टा नव्हती काय?

ती थट्टा ठरली असती, जर भाऊरावांनी कामाची वाटणी जातीवरून केली असती. त्यांच्या बोर्डिंगात पाटलाचा मुलगा आणि तराळाचा मुलगा एकाच चरात उतरत. संडासची सफाई असो वा स्वयंपाक, पाळी सर्वांना येई. महाराच्या मुलाने थापलेली भाकरी मराठ्याच्या मुलाच्या पानात पडे आणि तो ती खाई. त्या काळी सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावात ही गोष्ट घडली असती तर काठ्या निघाल्या असत्या. शिवाय येथील काम मोजले जाई, आणि मोजलेल्या कामाचे मोल काम करणाऱ्याच्याच शिक्षणाला लागे. दुपारी खडी फोडणारा मुलगा रात्री कंदिलापाशी पुस्तक घेऊन बसे. महारकीत काम संपले की दुसरे काम असे. येथे काम संपले की अभ्यास असे. वरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे घाम सारखाच दिसतो. सुट्टीत आपापल्या गावी परतल्यावर यांतील किती मुलांनी पंगतीचा तो नियम घरी पाळला, हा प्रश्न उरतोच. आमचा अंदाज असा की थोड्यांनीच पाळला असेल. परंतु वर्षातील नऊ-दहा महिने एका चुलीवरचे खाल्लेला माणूस पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

१९३२ मध्ये पुणे करार झाला. त्या कराराविषयी आपल्या समाजाचे मत काय आहे हे सर्वश्रुत आहे आणि ते येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. भाऊरावांनी मात्र त्यातून आपल्या स्वभावाप्रमाणे कृतीचा अर्थ काढला. त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले आणि स्पृश्य-अस्पृश्य मुले तेथे एकत्र ठेवली. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले, आणि तेथून बाहेर पडलेल्या तरुणांच्या बळावर जेथे शाळा नव्हती अशा वाड्यांवर शेकडो शाळा निघाल्या. कोठे देवळाच्या ओवरीत, कोठे चावडीत, कोठे झाडाखाली त्या भरत. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने साताऱ्यात हायस्कूल सुरू झाले. ते निःशुल्क होते, निवासी होते आणि तेथे मुले श्रम करून शिकत.

आता खरी अडचण पुढे आली. मुलगा मॅट्रिक झाला, पुढे काय? सातव्या इयत्तेपर्यंत शिकलेला मुलगा शिक्षक होई, मॅट्रिक झालेला कारकून होई. पण वकील, प्राध्यापक, अधिकारी व्हावयाचे तर कॉलेजात जाणे आवश्यक, आणि कॉलेज पुण्यात, कोल्हापुरात वा सांगलीत. तेथील खोलीभाडे, खानावळ, फी आणि पुस्तके यांचा खर्च शेतमजुराच्या घराला झेपणारा नव्हता. शिष्यवृत्ती एखाद्या हुशार मुलाला मिळे. पण हुशारी दिसण्यापूर्वी पोट भरावे लागते, आणि मध्यम कुवतीच्या गरीब मुलाचा विचार तर कोणीच करीत नसे. श्रीमंताच्या मध्यम कुवतीच्या मुलाला कॉलेज सहज मिळते. गरिबाच्या मुलाने मात्र आधी असामान्य असले पाहिजे, हा अन्याय भाऊरावांना सलत असे. स्वतः मॅट्रिकच्या उंबऱ्यावर अडखळलेल्या माणसाला तो सलणे स्वाभाविक होते.

याच काळात मुंबईत बाबासाहेब हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवीत होते. जून १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले ते लष्कराने सोडलेल्या बराकींत, आणि नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. शहरातील तरुणाला नोकरी होती, त्याला वेळ हवा होता. साताऱ्याच्या खेड्यांतील तरुणाकडे वेळ होता, पण त्याला काम देणारा कोणी नव्हता. म्हणून जून १९४७ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेव्हा कॉलेजानेच विद्यार्थ्याला काम द्यावयाचे ठरले. कमवा आणि शिका या नावाने आज महाराष्ट्रभर ओळखली जाणारी योजना महाविद्यालयाच्या पातळीवर येथे रुजली. राहणे, जेवण आणि शिकणे यांचा खर्च विद्यार्थ्याने आपल्या श्रमातून भरून काढावा, जे कमी पडेल ते संस्थेने समाजाकडून मिळवावे. शेतीचे काम, विहिरी खणणे, दगड फोडणे, इमारतींचे बांधकाम, भोजनालयाची व्यवस्था अशी कामे असत. ज्या वर्गात बसावयाचे त्याच्या भिंतींसाठी दगड वाहिलेले विद्यार्थी तेथे होते.

असा प्रयोग जगात प्रथमच होत होता असे नव्हे. अमेरिकेत गुलामीतून बाहेर आलेल्या निग्रो समाजासाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामा प्रांतात टस्कीगी येथे संस्था काढली. तेथील विद्यार्थी विटा पाडून स्वतःच्या इमारती स्वतः बांधीत. पण त्यांच्याच समाजातील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ मध्ये त्या मार्गावर कठोर टीका केली. हाताचे कसब शिकवताना उच्च शिक्षणावरचा हक्क सोडून दिला तर समाज कायमचा मजूर राहील, असा त्या टीकेचा आशय. बाबासाहेबांनी याच डु बॉइस यांच्याशी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला होता हे अनेकांना ठाऊक असेल. भाऊरावांच्या कॉलेजकडे या वादाच्या उजेडात पाहिले म्हणजे त्याचे वैशिष्ट्य कळते. त्यांनी मुलांना मजूर होण्याचे शिक्षण दिले नाही. वर्गात पुणे-मुंबईच्या कॉलेजांत शिकवले जाई तेच इंग्रजी, तोच इतिहास, तेच अर्थशास्त्र होते. परीक्षा विद्यापीठाचीच होती. श्रम हा तेथे पोहोचण्याचा मार्ग होता. कष्टकऱ्याच्या मुलाला कष्टाचेच शिक्षण पुरे, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत; भाऊराव त्यांच्यापैकी नव्हते.

मात्र श्रमातूनही मुले पुष्कळ काही शिकली, आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते. शंभर माणसांचा स्वयंपाक वेळेवर कसा उठवावा, बाजारातून धान्य पारखून कसे आणावे, पैशाचा जमाखर्च दुसऱ्यापुढे उघडा कसा ठेवावा, आजारी सोबत्याची पाळी तक्रार न करता कशी घ्यावी, आपल्यापेक्षा वरच्या मानलेल्या जातीच्या मुलाला न डगमगता काम कसे सांगावे. या शेवटच्या गोष्टीचे मोल आमच्या पिढीला अधिक कळते. घरातून बाहेर पडलेला तरुण पदवी असूनही चारचौघांत गप्प बसतो, मुलाखतीत अडखळतो, याचे दुःख आपल्यापैकी पुष्कळांनी सोसले आहे. शिवाजी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलाने तीन-चार वर्षे माणसांसोबत काम केलेले असे.

हे कॉलेज सोपे नव्हते. दिवसाचे काही तास अंग मोडून काम केल्यावर रात्री शेक्सपिअर वाचणे सर्वांना जमले असे म्हणता येणार नाही. काहींची प्रकृती ढासळली असेल, काही मध्येच परतले असतील. श्रीमंताच्या मुलाचे ते तास अभ्यासाला मिळत होते, ही विषमता श्रमाच्या गौरवाने मिटत नाही. सरकारने आणि समाजाने पुरेसा पैसा दिला असता तर इतक्या कष्टांची गरज नव्हती, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही. भाऊरावांपुढे मात्र पर्याय होता तो कष्ट करून शिकण्याचा किंवा न शिकण्याचा.

कॉलेजच्या नावाचीही एक हकीकत सांगितली जाते. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, अट एवढीच की कॉलेजला त्याच्या घराण्यातील नाव द्यावे. संस्था कर्जात होती. भाऊरावांनी नकार दिला. शिवाजी महाराजांचे नाव काढण्यापेक्षा आपल्या बापाचे नाव बदलणे त्यांना अधिक सोपे वाटले. पैशासाठी वाटेल त्याच्या दारी झोळी पसरणारा हा माणूस झोळीत काय घ्यावयाचे नाही हेही जाणून होता.

स्वातंत्र्यानंतरचा काळ सोपा जाईल असे वाटले होते, पण गांधीजींच्या हत्येनंतरच्या खळबळीत सरकारशी बेबनाव झाला आणि संस्थेचे अनुदान थांबले. ज्या सरकारसाठी रयत झटली त्याच सरकारने रयतेच्या शाळांचा हात सोडावा, याने भाऊराव फार व्यथित झाले. अखेर लोकमताच्या दडपणाने अनुदान पुन्हा सुरू झाले. यात गाडगे महाराजांनी घातलेला शब्द मोठा होता. हे तेच गाडगेबाबा, ज्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. न शिकलेल्या एका कीर्तनकाराने शिक्षणाची दोन मोठी कामे सांभाळली, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. १९५४ मध्ये कऱ्हाडला निघालेल्या रयतच्या कॉलेजला त्यांचेच नाव दिले गेले.

भाऊराव दिसावयास कसे होते हे जुन्या छायाचित्रांवरून कळते. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अंगावर खादीचा जाडाभरडा कपडा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाय अनवाणी. गावात शिरले की मुले मागे लागत आणि कोणाच्या घरी शाळेत न जाणारे पोर आहे याची चौकशी सुरू होई. त्यांचा राग प्रसिद्ध होता. कामचुकार विद्यार्थ्यावर ते कडाडत. पण बोर्डिंगातून गेलेला मुलगा काय करतो, कोठे नोकरीस आहे, घरी पैसे पाठवतो की नाही, याची खबर त्यांना असे. शाहू बोर्डिंगातील एक गरीब विद्यार्थी पांडुरंग गणपती पाटील पुढे बॅरिस्टर झाले. विलायतेहून परतल्यावर त्यांना मुंबईत वकिली करता आली असती. ते साताऱ्यास परत आले, शिवाजी कॉलेजात शिकवू लागले आणि कालांतराने शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रयतेत अशा आजीव सेवकांची रांग उभी राहिली. आपण ज्या भाकरीवर वाढलो ती पुढच्या मुलाला मिळावी, एवढीच त्यांची समज होती.

ही योजना आज पुष्कळ महाविद्यालयांत चालते. पुणे विद्यापीठाने तर तिला कर्मवीरांचे नावही दिले आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीजण ग्रंथालयातील पुस्तके लावून, कार्यालयातील कागद नोंदवून, उद्यानातील झाडांना पाणी घालून त्या योजनेतून पदवीधर झाले याची यादी केली तर ती लांबेल. कोठे कोठे मात्र या योजनेला भलतेच वळण लागलेले दिसते: कमावणारी मुले फक्त राखीव प्रवर्गातील आणि इतर मुले त्यांनी झाडलेल्या वर्गात बसणारी. आमच्या पालकांचा राग खरा ठरतो तो अशा ठिकाणी. भाऊरावांच्या पाळीच्या तक्त्यात सर्वांची नावे होती.

म्हणूनच आपल्या वसतिगृहात जून महिन्यात विचारणा होते तेव्हा आम्ही पालकांना पाळीचा तक्ता दाखवतो. अधीक्षकांचा मुलगा, संस्थेच्या विश्वस्तांचा पुतण्या आणि वीटभट्टीवरील मजुराचा मुलगा यांची नावे त्यात एकाखाली एक असतात. एखाद्या पालकाला तेवढ्याने पटते, एखाद्याला पटत नाही. न पटणाऱ्यांशी पुन्हा बोलावे लागते, आणि ते बोलणे टाळू नये असा आमचा कटाक्ष असतो.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट. पदवी दिली. तोवर त्यांच्या संस्थेची शंभराहून अधिक हायस्कुले आणि तीन महाविद्यालये झाली होती. मॅट्रिक न झालेल्या या माणसाला मिळालेली ती पहिली आणि अखेरची पदवी. त्यांची प्रकृती तेव्हा पार खालावलेली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे, आणि शिवाजी कॉलेजही तेथेच आहे.